डोक्यांना विचारून केलेला हात

आमच्या गल्लीत दोन दुकानं समोरासमोर आहेत. एकात टाइपरायटर दुरुस्त होतात, म्हणजे होत असत. दुसऱ्यात केस कापले जातात. टाइपरायटरवाल्यांना सगळे खटका मिस्त्री म्हणतात. जगात जे काही बिघडतं ते कुठला तरी खटका नीट न बसल्यामुळे बिघडतं, असं त्यांचं ठाम मत आहे. दार करकरलं तर खटका, नळ गळला तर खटका, शेजारच्यांचा संसार मोडला तरी "खटका पहिल्यापासूनच बसला नव्हता." मी सदतीस वर्षं शाळेत शिकवलं, पण जगाचा इतका आटोपशीर खुलासा मला कधी सुचला नाही.

समोरचा सलूनवाला हा मिस्त्रींच्या बायकोचा धाकटा भाऊ. मिस्त्री त्याला रस्त्यापलीकडून "मेव्हणे" अशी खणखणीत हाक मारत. ती ऐकून ऐकून सगळी गल्लीच त्याला मेव्हणा म्हणू लागली. पोस्टमन, दूधवाला, झाडूवाला, सगळे. त्याच्या बहिणीला, म्हणजे ताईंना, यात हसण्यासारखं काय आहे ते कधी कळलं नाही.

या दोघांचं रोज बोलणं होई, एकमेकांवाचून करमत नसे. फक्त चोवीस वर्षांत मिस्त्रींनी रस्ता ओलांडून त्या सलूनमध्ये पाऊल टाकलं नव्हतं. कारण होतं मिशी. मिस्त्रींच्या लग्नाच्या सकाळी मेव्हण्याने, तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता आणि नुकता वस्तरा धरायला शिकला होता, नवरदेवाची मिशी जरा नीट करायला घेतली. डावी बाजू किंचित जास्त वाटली म्हणून डावीकडून घेतली. मग उजवी जास्त वाटू लागली. समतोल साधण्याचा हा यत्न मिशी संपली तेव्हा थांबला. लग्नाच्या फोटोत मिस्त्री तोंडावर रुमाल धरून उभे आहेत, आणि पाहुण्यांत अजूनही काहींची समजूत आहे की त्या दिवशी त्यांची दाढ दुखत होती. नंतर मिस्त्रींनी मिशी अशी वाढवली की तिच्यात पेन्सिल अडकून राहील. ते दाढी घरी करत आणि केसांचं म्हणाल तर ते तिशीतच सोडून गेले होते, त्यामुळे वाद तिथेच गोठला.

मिस्त्री कारागीर मात्र अस्सल. कुणी मशीन घेऊन आलं की ते स्क्रूड्रायव्हर उचलत नसत. आधी कागद लावायचे आणि आणणाऱ्याला एक पान टाइप करायला सांगायचे, आणि स्वतः बाजूला बसून त्याची बोटं बघायचे. "मशीन खोटं बोलत नाही," म्हणायचे, "बोलतो तो टायपिस्ट." पुढे मशीनं संपली, टायपिस्ट संपले. कोर्टाबाहेर अर्ज टाइप करणारे तिघं तेवढे राहिले, आणि मिस्त्रींकडे राहिले स्प्रिंगा, तरफा, रबरी रोलर आणि घंट्या यांनी भरलेले अठ्ठेचाळीस खण. कामाचं असं त्यांत काही नव्हतं, त्यामुळे ते रोज पुसून ठेवले जात.

मेव्हण्याला बसमध्ये खिडकीबाहेर हात ठेवून बसायची सवय होती. रस्त्याच्या डाव्या कडेला उभ्या असलेल्या मालट्रकने ती मोडली. डावा हात मनगटाच्या वर चार बोटं इथपर्यंत गेला. हे अंतर सांगायलाही बोटंच वापरावी लागतात, याला काय करणार.

इस्पितळाने त्याला नवा हात दिला. इतका देखणा हात आमच्या गल्लीत दुसरा नव्हता. कातडीचा रंग, नखांवर गुलाबी छटा, मागच्या बाजूला हिरव्या शिरा. घडवणाऱ्याने दोन तीळसुद्धा काढले होते. त्याला फक्त एक गोष्ट येत नव्हती, ती म्हणजे काहीही करणं. मेव्हण्याने तो पंधरा दिवस घातला आणि मग आरशाशेजारच्या काचेच्या कपाटात, पावडरीच्या डब्याला टेकवून ठेवून दिला. तिथे तो छान दिसे.

तरी मेव्हणा रोज सकाळी आठला दुकान उघडायचा. खुर्ची पुसायचा, आरशाकडे वळवायचा, पांढरं कापड एक टोक दातांत धरून झटकायचा, आणि बाकावर बसून वर्तमानपत्र वाचायचा. गिऱ्हाइकं यायची, तब्येत विचारायची, केस वाढल्याबद्दल ओशाळून डोक्यावरून हात फिरवायची आणि चौकातल्या दुसऱ्या सलूनकडे जायची. मीही दोनदा गेलो. दोन्ही वेळा आडवाटेने घरी आलो.

अशात परवाना कचेरीचं पत्र आलं. सलूनचा परवाना नवा करायचा तर दोन्ही हात कार्यक्षम असल्याचा दाखला जोडावा. मेव्हण्याने कळवलं की हात एकच आहे. उत्तर आलं की अर्जात 'एक' असा पर्याय नाही, 'होय' किंवा 'नाही' यांपैकी एकावर खूण करावी. शेवटी ताई स्वतः कचेरीत जाऊन बसल्या. तीन दिवस एकाच बाकावर बसल्या, तेव्हा साहेबांनी वाट काढली: अडीच महिन्यांनी निरीक्षक येतील, त्यांच्यासमोर एका गिऱ्हाइकाचं पूर्ण काम करून दाखवायचं. जमलं तर परवाना, नाही तर दुकान बंद. एका नातेवाइकाने गोदामात पोती मोजायचं काम देऊ केलं होतं. एका हाताने मोजता येतात, असं तो म्हणाला. धीर द्यायची एकेकाची पद्धत असते.

त्याच दिवशी रस्त्यापलीकडून हाक आली. "मेव्हणे, या इकडे. तुमचा खटका बघू."

*

पहिला हात करायला मिस्त्रींना पाच आठवडे लागले. पाच बोटं, प्रत्येक टाइपरायटरच्या अक्षरांच्या दांड्यांची, वर चामडं. खांद्यावरून सायकलच्या ब्रेकची तार आणली होती. खांदा उचलला की बोटं मिटत, पाडला की उघडत. अंगठ्यात हौसेने घंटी बसवली होती, मूठ पूर्ण मिटली की ती वाजे. गल्ली बघायला लोटली. मेव्हण्याने पेला उचलला, पेन उचललं, माझी काठी उचलली. घंटी वाजत राहिली, टाळ्या पडत राहिल्या. मग त्याला शिंक आली. शिंकताना माणसाचे खांदे वर जातात, हे मिस्त्रींनी गणितात धरलं नव्हतं. बोटांनी पोस्टमनची कॉलर पकडली, घंटी वाजली, आणि घाबरून मेव्हण्याने खांदे आणखी वर घेतले. धरलेलं न सोडणारा हात कचेरीत चालून गेला असता. वस्तऱ्याच्या धंद्यात तो धोक्याचा होता.

दुसरा हात करण्याआधी मिस्त्रींनी शहाणपणा केला. मेव्हण्याला समोर बसवून विचारलं की केस कापताना डावा हात नक्की काय करायचा, ते क्रमाने सांग. मेव्हण्याने विचार करून चार गोष्टी सांगितल्या: कंगवा धरायचा, साबणाची वाटी धरायची, खुर्ची फिरवायची, कापड झटकायचं. मिस्त्रींनी चारही गोष्टी करणारा हात केला. एक चिमटा, एक कडी, एक आकडा. काम चोख. प्रयोगासाठी डोकं माझं घेतलं, कारण शिक्षणाच्या कामात मी कधी नाही म्हटलेलं नाही.

"हलू नका, मास्तर," मेव्हणा म्हणाला. मी हललो नाही. "हलू नका." आता नाकाला खाज सुटली. "मास्तर, हलू नका हो." अर्ध्या तासात त्याने हे किमान वीसदा सांगितलं, आणि हलू नको म्हटलं की माणसाच्या मानेला जे होतं ते माझ्या मानेला झालं. शेवटी आरशात बघितलं तर डोक्यावर पायऱ्या होत्या. वर चढून कुणी झेंडा लावला असता तरी शोभलं असतं. तीन आठवडे मी टोपी घालून फिरलो आणि थंडी वाजते असं सांगत राहिलो. दिवस उन्हाळ्याचे होते.

मेव्हणा बाकावर जाऊन बसला. चिमटा, कडी, आकडा काढून मांडीवर ठेवले. रस्त्यापलीकडे मिस्त्री आपल्या दारात उभे होते. आत यायचं नव्हतं, आणि लांबून बघवतही नव्हतं.

मी सहज म्हणालो की एक कळत नाही. बावीस वर्षं मी तुझ्याकडे केस कापून घेतोय. या बावीस वर्षांत तू मला एकदाही हलू नका म्हणाला नाहीस.

मेव्हणा म्हणाला, "म्हणावं लागत नव्हतं."

"मग कोण म्हणायचं?" रस्त्यापलीकडून मिस्त्रींनी विचारलं.

मी डोळे मिटले आणि माझ्या डोक्याला विचारलं, तेव्हा कळलं. टाळूवर, जरा मागच्या बाजूला, दोन बोटं टेकलेली असत. दाबत नसत, नुसती असत. तीच म्हणत असत हलू नका.

मी हे सांगितल्यावर मेव्हण्याने मान हलवली. नाही, तो म्हणाला, मी असं काही करत नव्हतो.

मिस्त्री मात्र दारातच खाली बसले. स्वतःचा नियम त्यांनी स्वतःच मोडला होता. टायपिस्टला विचारायचं नसतं, त्याची बोटं बघायची असतात. आणि चोवीस वर्षं वीस पावलांवर चालू असलेला हात त्यांनी मिशीपायी एकदाही नीट बघितला नव्हता. आता बघावा तर हात नव्हता.

"हात गेलाय," ते हळू म्हणाले, "पण डोकी आहेत ना."

*

पुढचं काम माझ्या आवाक्यातलं होतं. मी फुलस्केप कागद आखले, वर प्रश्न लिहिला: 'मेव्हण्याकडे केस कापताना व दाढी करताना त्याचा डावा हात कोठे असे? आठवून लिहा. शेजाऱ्याचे पाहू नये.' जुन्या गिऱ्हाइकांना घरोघर जाऊन दिले. एकतीस उत्तरपत्रिका आल्या.

पोस्टमनने लिहिलं की तो कान पाकिटाच्या झाकणासारखा दुमडून धरायचा. सुताराने टाळूवरची दोन बोटं लिहिली, शिवाय त्यांच्यातलं अंतर मोजून दिलं. चित्रकलेच्या मास्तरांनी उत्तराऐवजी चित्रच काढलं: अंगठा गालावर टेकलेला, कातडी कानाकडे ताणलेली. एका निवृत्त कारकुनाने लिहिलं की मानेला वस्तरा लावण्याआधी तो तिथे क्षणभर तळहात ठेवायचा, पातं गार लागू नये म्हणून. दूधवाल्याने लिहिलं, 'सुरू करण्याआधी तो माझ्या खांद्यावर हात ठेवायचा. का ते माहीत नाही. बरं वाटायचं.' बँकेतल्या रोखपालांनी लिहिलं की डावा हात नव्हताच, तो एकाच हाताने कापायचा. ते खुर्चीत बसल्याबरोबर झोपत असत. त्यांना मी शून्य दिलं.

मी हे सगळं मेव्हण्याला वाचून दाखवलं. सुरुवातीला तो प्रत्येक वाक्यावर नाही म्हणत होता. कुणाचे कान धरायला मी काय मास्तर आहे का, असंही म्हणाला. मग नाही म्हणायचा थांबला. दूधवाल्याचं उत्तर त्याने माझ्याकडून मागून घेतलं, स्वतः वाचलं, आणि घडी करून खिशात ठेवलं. आपल्याच हाताची ओळख त्याला दुसऱ्यांनी करून द्यावी लागत होती, आणि एकंदरीत तो हात त्याच्या समजुतीपेक्षा पुष्कळ सज्जन निघाला होता.

तिसरा हात मिस्त्रींनी उत्तरपत्रिका समोर टांगून केला. बोटं नाहीत, तार नाही, घंटी नाही. उरलेल्या हातावर चढणारी चामड्याची एक घट्ट बाही, तिच्यावर लोखंडी चकती, आणि चकतीवर चार दिशांना चार गोष्टी. चकतीला खटके होते. कोपराने खुर्चीच्या दांड्यावर ठोका दिला की ती पाव वळसा फिरे, खट्, आणि पुढची गोष्ट समोर येई. पहिली गोष्ट कंगव्याचा चिमटा. दुसरी कान दुमडणारी चामड्याची जीभ. तिसरी गालासाठी, आणि ती पाहून मी मिस्त्रींना मनातल्या मनात पैकीच्या पैकी दिले. टाइपरायटरमध्ये कागद आत ओढणारे लहान मऊ रबरी रोलर असतात. त्यातला एक घेऊन त्याच्या कडेला एकाच दिशेने अडकणारे दाते बसवले होते, म्हणजे तो पुढे फिरे, मागे फिरत नसे. गालावर ठेवून पुढे सरकवला की नुसता फिरे. मागे ओढला की कातडी धरून ताणे. कागदाला आणि गालाला सुरकुती पडू नये, एवढंच तर बघायचं असतं.

चौथी गोष्ट टाळूवरच्या दोन बोटांसाठी: चामड्याच्या दोन गुंड्या, सुताराने दिलेल्या अंतरावर. पण वजन किती? त्यासाठी पुन्हा माझं डोकं लागलं. मिस्त्रींनी मला स्टुलावर बसवून डोळे मिटायला लावले आणि टाळूवर काडेपेटी ठेवली. मी हलकं म्हणालो. काडेपेटीवर खोडरबर ठेवलं. अजून हलकं. लोखंडी कुलूप ठेवलं, तेव्हा मला सासऱ्यांच्या आशीर्वादाची आठवण झाली; जड म्हणालो. शेवटी प्रवासी पेटीचं लहान पितळी कुलूप ठेवलं आणि माझी मान आपोआप स्थिर झाली. मी म्हणालो, हेच. त्यांनी किल्ली काढून घेऊन पुन्हा ठेवलं. मी म्हणालो, नाही, किल्लीसकट.

पंधरा दिवस सराव झाला. केस माझे, पोस्टमनचे, सुताराचे कापले. पायऱ्या पडल्या नाहीत, आणि मेव्हणा हलू नका म्हणायचं विसरून गेला. दाढीचा सराव मात्र फुग्यावर. फुगा फुगवायचा, साबण लावायचा, वस्तऱ्याने साबण काढायचा, फुगा फुटता कामा नये. पहिल्या दिवशी सात फुटले, पुढे एकही नाही. हाताचं दर्शनी रूप म्हणाल तर पाना आणि कुलूप यांचा संसार झाला असता तर असं मूल झालं असतं. ताई एकदाच म्हणाल्या की बाकी ठीक आहे, लहान मूल समोर असलं तर पाठीमागे धरत जा.

निरीक्षक यायच्या आदल्या आठवड्यात पत्र आलं. प्रात्यक्षिक नियम बावीसप्रमाणे होईल: वस्तऱ्याने पूर्ण दाढी, वरच्या ओठासह, जिवंत गिऱ्हाइकावर. 'जिवंत' हा शब्द त्यांनी का घातला असेल, यावर गल्लीत चर्चा झाली.

गिऱ्हाइकाचा प्रश्न येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. एकतीस जणांनी उत्तरपत्रिका लिहिल्या होत्या. आता पोस्टमनला रजा नव्हती. सुताराच्या गालावर पुरळ आलं. रोखपालांना झोप लागत नव्हती. दूधवाला प्रामाणिक, तो सरळ म्हणाला की भीती वाटते. आणि मी निवृत्त झाल्यापासून दाढी राखतो. बहात्तराव्या वर्षी ती काढली असती तर जगाचं काही अडलं नसतं. पण हे वाक्य मी आज लिहितोय, त्या दिवशी माझ्या तोंडून निघालं नाही.

मेव्हणा खुर्ची पुसत राहिला. गोदामातल्या नातेवाइकाला त्याने निरोप पाठवला की पोती किती असतात ते कळव.

हा निरोप ताईंच्या कानावर आला त्या दुपारी मी मिस्त्रींच्या दुकानात बसलो होतो. ताई डबा घेऊन आल्या. डबा ठेवला, मिस्त्रींकडे बघितलं, विशेषतः नाकाखाली बघितलं. मिस्त्रींनी एक स्प्रिंग पुसायला घेतली. ती आधीच पुसलेली होती.

"मिशी परत येते," ताई म्हणाल्या, आणि निघून गेल्या.

*

निरीक्षक सव्वा तास उशिरा आले. वही होती, पेन नव्हतं. ते माझं घेतलं. कपाटातला देखणा हात बघून ते प्रसन्न झाले आणि 'कृत्रिम हात आहे काय' या रकान्यात 'आहे, उत्तम' असं लिहून टाकलं. मेव्हण्याच्या डाव्या हातावरचं यंत्र काय आहे, असं मग त्यांनी विचारलं. मी म्हणालो, अवजार. तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं, कारण अवजारांचा रकाना वेगळा होता.

गिऱ्हाईक कोण, त्यांनी विचारलं.

मिस्त्रींनी दुकानाच्या पायरीवर उभं राहून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं. दोन्हीकडे एक सायकलसुद्धा नव्हती. मग ते वीस पावलं चालून आले, आत शिरले आणि खुर्चीत असे बसले जसं दाताच्या डॉक्टरकडे बसतात.

मेव्हणा कापड हातात घेऊन उभाच राहिला. "भाऊजी," तो म्हणाला, "मिशी?"

"नियम बावीस," मिस्त्री म्हणाले आणि डोळे मिटले.

कापड गळ्याला आलं. सुरू करण्याआधी मेव्हण्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. उजवा ठेवला, क्षणभर. मग कोपराचा ठोका, खट्, आणि चामड्याच्या दोन गुंड्या टक्कल पडलेल्या टाळूवर टेकल्या. तिथे केस नव्हते, तरी मान स्थिर झाली. म्हणजे ते केसांवर अवलंबून नव्हतं. साबण लागला. तीन खटके, रबरी रोलर गालावर आला, पुढे फिरला, मागे थांबला, आणि मिस्त्रींचा पन्नाशी उलटलेला गाल कोऱ्या कागदासारखा ताठ झाला. वस्तरा सरसर उतरला. उजवा गाल, डावा गाल, हनुवटी, गळा. गळ्यावर आला तेव्हा निरीक्षकांनी दुसरीकडे बघितलं. मग कात्रीने मिशी उतरवली. ती मांडीवरच्या कापडावर पडली. एवढी होती ती. वरच्या ओठाला साबण लावला, मेव्हण्याचा डावा हात नाकाकडे गेला, आणि हवेतच थांबला.

वरच्या ओठावर वस्तरा चालवायचा तर नाकाचा शेंडा दोन बोटांनी वर धरावा लागतो. जगातला प्रत्येक सलूनवाला धरतो, मेव्हणाही इतकी वर्षं धरत आला होता. पण फुग्याला नाक नसतं. आणि एकतीस सुशिक्षित माणसांपैकी एकानेही लिहिलं नव्हतं की महिन्यातून चार वेळा आपलं नाक दुसऱ्याच्या हातात असतं. मी स्वतःच्या उत्तरातही लिहिलं नव्हतं. चकतीवर चार खटके होते. पाचवा नव्हता.

साबण सुकायला लागला. मेव्हण्याने एकदा रोलर लावून बघितला. तो नाकावरून घसरला. निरीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं. मेव्हण्याने वस्तरा जरा खाली घेतला, आणि आरशात त्याचा चेहरा दिसत होता तो मी सांगणार नाही.

तेव्हा पांढऱ्या कापडाखालून मिस्त्रींचा हात बाहेर आला. डोळे न उघडता त्यांनी दोन बोटांनी स्वतःचं नाक वर धरलं.

"बसला खटका," ते नाकातून म्हणाले. "चालव आता."

मेव्हण्याने चालवला. चार फटकारे, कुठे टिपूस नाही.

निरीक्षक पुष्कळ वेळ नियमांचं पुस्तक चाळत राहिले. कारागिराने गिऱ्हाइकाच्या संमतीशिवाय काय करू नये याची पाच पानं होती. गिऱ्हाइकाने स्वतःच्या नाकाचं काय करावं याबद्दल नियम मूक होते. ज्याला बंदी नाही आणि परवानगीही नाही अशा गोष्टीपुढे कचेरीचा माणूस जेवढा एकटा पडतो तेवढं कुणी पडत नसेल. शेवटी त्यांनी लिहिलं आणि माझं पेन खिशात घालून गेले.

परवाना आता आरशाच्या वर चौकटीत लावलेला आहे. खाली शाईने, निरीक्षकांच्या अक्षरात, एक ओळ आहे: 'अट: वरच्या ओठाचे काम चालू असताना ग्राहकाने नाक स्वतः धरावे.' सरकारी अट असल्यामुळे ती कसोशीने पाळली जाते. पोस्टमन पाळतो, सुतार पाळतो, पुरळ बरं झालं त्याचं. रोखपाल झोपेत पाळतात. मीही एकदा दाढी काढून आलो, उशिरा का होईना, आणि नाक धरून बसलो.

मिस्त्रींची मिशी महिन्या-दीड महिन्यात परत आली, ताई म्हणाल्या होत्या तशी. आता ते दर शनिवारी सकाळी दुकानाला कडी घालून समोर येतात. आधी बाकावर बसून एका गिऱ्हाइकाचं काम अथपासून इतिपर्यंत बघतात, डाव्या हातावर नजर ठेवून. मग खुर्चीत बसतात. मिशीची कड काढून घेतात, वस्तऱ्याने.

गेल्या शनिवारी मी तिथेच होतो. मेव्हणा जरा मागे सरकला, मान तिरकी करून बघितलं आणि म्हणाला, "भाऊजी, डावी बाजू किंचित जास्त वाटते का?"

मिस्त्रींनी डोळे मिटले. नाक मात्र सोडलं नाही.